सर टूवूम्बाला गेले

आमचे सर गेल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाला कायमचे राहायला गेले. क्वीन्सलँड राज्यातील टूवूम्बा या शहरात त्यांची मुलगी आणि जावई गेली अनेक वर्षे राहतात. सरांनी सत्तरी ओलांडली आहे, काकूंना गुडघ्यांच्या दुखण्याने जेरीस आणले आहे, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील आमच्या गावाचा रस्ता बंद होतो. हे सगळे विचारात घेतले तर त्यांनी जावे यात कोणालाही खटकण्यासारखे काही नव्हते. तरीही ते निघाले तेव्हा कपाशीला फुले लागण्याचे दिवस होते, आणि ज्या माणसाने आमच्या गावाला त्या फुलांकडे पाहायला शिकवले तो नेमका त्याच दिवसांत जातो आहे, ही गोष्ट मला सहज स्वीकारता आली नाही. त्यांच्याविषयी काही नीट लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात होते.

सर कीटकशास्त्राचे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिक्षण घेऊन त्यांनी आयुष्यभर कपाशीवरील किडींचेच काम केले, आणि निवृत्तीनंतर शहरात घर न घेता ते आमच्या गावातील वडिलोपार्जित घरात व शेतात परतले. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण आपल्या नावाने काही छापून यावे हे त्यांना कधीच रुचले नाही; गावातही लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे ते ‘सर’च. सुरुवातीची काही वर्षे लोक त्यांना मान देत, पण त्यांचे ऐकत नसत. यात लोकांचा फारसा दोष होता असे मला वाटत नाही. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारे विष झाडातच तयार व्हावे म्हणून जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये अशा दोन जनुकांचे बोलगार्ड-२ हे बियाणे आले, आणि ज्या हिरव्या बोंडअळीने आमच्या वडिलांच्या पिढीला औषधांच्या दुकानाचे कर्जदार करून सोडले होते ती अळी कपाशीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली. ज्या घरातील बोंडअळीच्या फवारणीचा खर्च असा एकाएकी उतरला होता, त्या घराला कीटकशास्त्राच्या माणसाची गरज कशी भासावी?

ती गरज २०१७ च्या खरिपात भासली. त्या वर्षी झाडे माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, पाते-फुले भरघोस होती, आणि वेचणीला सुरुवात झाली तेव्हा बोंडांतून पांढऱ्याशुभ्र कापसाऐवजी पिवळी, कुजकी कवडी निघू लागली. गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-२ मधील दोन्ही विषांना दाद देणे थांबवले होते. गुजरातेत हे आधीच घडले होते आणि सर गावात ते सांगतही होते, पण दुसऱ्या राज्यातील अळीची बातमी ऐकून कोणी आपल्या शेतातील उभ्या पिकावर संशय घेत नाही. त्याच हंगामात दुसरे संकट त्याहून भयंकर होते. दाट आणि उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, दमट उकाड्यात, तोंडाला केवळ रुमाल बांधून, एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळून फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आमच्या शेजारच्या शेतात फवारणीला जाणारा एक तरुण मजूर त्यांत होता. तो वाचला, पण त्याला उलट्या करत बैलगाडीतून आणले ती संध्याकाळ गाव विसरलेले नाही.

त्याच रात्री सर आमच्या ओसरीवर आले. मी नुकतीच पदवीचे शिक्षण संपवून घरी आले होते आणि पुढे काय करायचे ते ठरत नव्हते. ओसरीवर बाबा, काका, शेजारचे दोन-तीन शेतकरी असे सगळे बसले होते आणि कोणते औषध बदलावे यावर बोलणे चालले होते. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “फवारायच्या आधी कोणी किती बोंडे फोडून पाहिली?” त्या प्रश्नाचे उत्तर ओसरीवर कोणाकडेच नव्हते. सर रागावले नाहीत, त्यांनी उपदेशही केला नाही. “उद्या सकाळी सहा वाजता मी तुमच्या शेतात येतो, ज्याला यायचे त्याने यावे,” एवढे बोलून ते उठले. त्यांनी मला शिष्य म्हणून निवडले वगैरे काही नाही. जो येईल त्याला ते शेतात घेऊन जात, आणि मी जात राहिले.

त्यांनी जे शिकवले ते सांगायला सोपे आणि करायला फार कंटाळवाणे आहे. शेताच्या एका कोपऱ्यातून आत शिरायचे, बांधाजवळच्या ओळी सोडून द्यायच्या, नागमोडी चालायचे, आणि ठरावीक पावलांनंतर जे झाड समोर येईल तेच घ्यायचे. चांगले दिसते म्हणून किंवा वाईट दिसते म्हणून झाड निवडायचे नाही. अशा वीस झाडांवरून एकेक हिरवे, अर्धे पोसलेले बोंड तोडायचे आणि ते तेथेच फोडायचे. बाहेरून बोंड निरोगी दिसते यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. त्यानंतर वरून कितीही औषध मारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कोवळी अळी पांढुरकी असते, डोके तेवढे काळसर; गुलाबी रंग तिला नंतर चढतो, म्हणून ‘गुलाबी दिसली नाही’ या आधारावर शेत स्वच्छ ठरवायचे नाही. वीस बोंडांपैकी दोन बोंडांत जिवंत अळी सापडली तर ते दहा टक्के झाले, आणि तेथे आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा नुकसान जास्त होऊ लागते ती पातळी, सुरू होते. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लावायचे, रोज सकाळी त्यांतील पतंग मोजून वहीत लिहायचे, आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले तर मगच उपायाचा विचार करायचा. फुलांच्या दिवसांत डोमकळ्या शोधायच्या. अळीने आतून पाकळ्या जाळ्याने शिवून टाकलेले ते फूल उमलत नाही, मिटलेल्या गुलाबासारखे दिसते, आणि ते तोडून नष्ट केले की बोंडांवर उतरणारी पुढची पिढी तेवढ्यापुरती कमी होते.

‘कोणते औषध मारू’ या प्रश्नाचे सरळ उत्तर सरांनी कधी दिले नाही. ‘मोजले किती’ हाच त्यांचा उलट प्रश्न असे. दुकानदार एका वाक्यात बाटलीचे नाव सांगतो आणि हा शिकलेला माणूस आपल्याला पुन्हा शेतात पाठवतो, याचा लोकांना राग येई, आणि घाईच्या दिवसांत तो मलाही येई. परंतु ज्यांनी एक हंगामभर मोजले त्यांच्या फवारण्या कमी झाल्या, हे सगळ्यांनी पाहिले. मोजणी पातळीच्या खाली असेल तर पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवायचे, हे आता गावातील पुष्कळ घरांत रुजले आहे: पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळायचे आणि एकूण शंभर लिटर करायचे. उन्हाळ्याच्या शेवटी कडुनिंबाखाली निंबोळ्या वेचणाऱ्या बाया आमच्या गावात पूर्वी दिसत नसत, आता दिसतात.

बायांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सरांचे मोठेपण मला खऱ्या अर्थाने तेथे कळले. शेताची सर्वांत बारीक माहिती मालकाला नसते, वेचणाऱ्या बायांना असते, असे ते म्हणत. कोणत्या ओळीत कवडी जास्त निघाली, कोणत्या कोपऱ्यात बोंडे लवकर तडकली, कोठे कापूस ओढताना सरकी हाताला पोकळ लागली, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते, आणि त्यांना ते कोणी विचारत नाही. सर विचारत. वेचणीच्या दिवसांत दुपारी बाया झाडाखाली भाकरी खायला बसल्या की ते वही घेऊन त्यांच्याजवळ बसत आणि प्रत्येकीला शेताचा नकाशा हाताने जमिनीवर काढायला लावत. विद्यापीठात शिकलेल्या माणसाने असे करावे याचे प्रथम बायांना हसू येई. पुढे त्याच बाया कवडी वेगळ्या ओट्यात वेचून आणू लागल्या आणि ‘सर, धुऱ्याकडच्या तासात लय हाये’ असे आपणहून सांगू लागल्या. ज्या निरीक्षणाला कोणी किंमत देत नव्हते त्याला वहीत जागा मिळाली, आणि वहीत जागा मिळाल्यावर मालकांनाही त्याची किंमत द्यावी लागली.

बोलगार्ड-२ निकामी का झाले, हे सरांनी आम्हाला अनेक हिवाळ्यांत थोडे थोडे करून समजावले. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. हिरव्या बोंडअळीप्रमाणे तूर, हरभरा, टोमॅटो यांवर तिचे पोट भरत नाही. म्हणून बीटीच्या शेतात वाढणारी तिची प्रत्येक पिढी त्याच विषाला सामोरी जाते आणि जी टिकते तीच पुढे वाढते. बीटी नसलेल्या कपाशीच्या ओळी शेताभोवती लावा, तेथे साध्या अळ्या जगू द्या, म्हणजे प्रतिकारक पतंगांचा संकर त्यांच्याशी होत राहील, असे नियम सांगत होता. पण आपले पीक अळीला खाऊ घालण्यासाठी एवढी जमीन कोण सोडणार, म्हणून त्यासाठी बियाण्याबरोबर मिळणारे वेगळे पाकीट बहुतेकांनी बांधावर टाकून दिले. आपल्याकडे जवळजवळ सगळी बीटी कपाशी संकरित वाणांची, त्यामुळे एकाच बोंडात काही सरक्यांत विष असते आणि काहींत नसते. अळीला त्यातून मार्ग सापडतो. त्यात आपले वाण दीर्घ मुदतीचे, आणि पाणी असेल तेथे फरदड, म्हणजे वेचणीनंतरही न उपटता राखलेले तेच पीक, मार्चपर्यंत उभी. जिच्या उपजीविकेचे साधन आपण वर्षातले नऊ-दहा महिने शेतात उभे ठेवतो ती कीड संपणार कशी, हा त्यांचा प्रश्न होता.

फरदडीच्या बाबतीत माझे आणि सरांचे कधी पूर्ण जमले नाही. डिसेंबरअखेर कपाशी उपटली पाहिजे, पऱ्हाट्या शेतात रचून ठेवता कामा नयेत, आणि जिनिंगच्या आवारातही सापळे लागले पाहिजेत, ही त्यांची भूमिका शास्त्राला धरून आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या घरात जानेवारीत मुलीचे लग्न आहे किंवा सावकाराचा हप्ता आहे, त्या घराला फरदडीच्या कापसाचे तीन-चार क्विंटल म्हणजे हातात येणारे रोख पैसे असतात, आणि त्याऐवजी हरभरा पेरा असे सांगताना हरभऱ्याचे पैसे मार्चनंतर येतात हे विसरून चालत नाही. मी हे त्यांच्याशी अनेकदा बोलले. त्यांनी माझे म्हणणे कधी उडवून लावले नाही. “तुझा हिशेब घराचा आहे, माझा किडीचा आहे, दोन्ही खरे आहेत, पण किडीला तुझा हिशेब कळत नाही,” असे ते म्हणत. आजही माझे मत पूर्ण बदललेले नाही. फरदड बंद करायची असेल तर जानेवारीच्या पैशांची काही सोय गावाने मिळून करावी लागेल असे मला वाटते, आणि सर जाण्यापूर्वी हा विषय अर्धाच राहिला.

त्यांचे जाण्याचे तिकीट पोळ्यानंतरचे होते. ते काकूंच्या आग्रहावरून मुद्दाम तसे काढले होते, कारण पोळा सोडून गाव सोडणे काकूंना मान्य नव्हते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकताना त्यांना ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि त्या संध्याकाळी सर गावातील बहुतेक गोठ्यांत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची कवने, म्हटल्या गेल्या, आणि एका जुन्या झडतीकाराने बोंडअळीवर चार ओळी रचून त्यांत सरांना गोवले. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हा शेवटचा घोष झाला तेव्हा सगळे पुरुष सरांकडे वळून पाहत होते. पाडव्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या, पहाटे पोरांनी दारचे पळसाचे मेढे उपटून गावाबाहेर नेले आणि रोगराई, ढेकूण-डास घेऊन जाणाऱ्या मारबतीला यंदा बोंडअळीही घेऊन जायला सांगितले. सर अंगणात उभे राहून ते ऐकत होते. पोरांच्या तोंडी आपल्या अभ्यासविषयाचे नाव आले याचा त्यांना झालेला आनंद चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

निरोपाची बैठक त्याच दिवशी दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात झाली. शाल-श्रीफळ झाले, सरपंचांचे भाषण झाले, त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते आबांविषयी. आबा आमच्या गावातील सर्वांत जुने कास्तकार; त्यांच्या शेताच्या एका तुकड्यात अजूनही देशी कपाशी असते, बुटकी, आखूड धाग्याची, पण पावसाचा खंड सोसणारी. टूवूम्बाच्या पश्चिमेला डार्लिंग डाऊन्स नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे, तेथील जमीन आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी आहे आणि तेथेही कापूस, ज्वारी, हरभरा पिकतो, असे सरांनी बोलण्याच्या ओघात सांगितले होते. आबांनी ते मनात धरले. बैठकीत ते उठले आणि स्वतःच्या देशी कपाशीच्या बियाची पुरचुंडी सरांच्या हातात देऊन म्हणाले, “तिकडे बी काळी जमीन हाये म्हन्ता, तं हे न्या. दोन झाडं लावा अंगनात, आमची आठवन राहीन.”

सरांनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि आबांना परत दिली. सगळे स्तब्ध झाले. “काऊन जी?” एवढेच आबा म्हणाले. तेव्हा सरांनी जे सांगितले तो त्यांचा आमच्यासाठीचा शेवटचा पाठ होता. ऑस्ट्रेलियात बाहेरून बी नेण्यावर कडक बंदी आहे, हे तर त्यांनी सांगितलेच. पण ती बंदी योग्य का आहे, हे त्यांनी या अळीचीच हकिकत सांगून समजावले. गुलाबी बोंडअळीची शास्त्राला पहिली ओळख आपल्याच देशातील, भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून झाली. १८४३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. ही अळी हिवाळ्यात दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांच्या पोकळीत महिनोन्‌महिने झोपून राहते, त्यामुळे बियाच्या पोत्यातून तिचा प्रवास होतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ती अशीच बियाबरोबर इजिप्तमध्ये पोहोचली, तेथून १९११ मध्ये मेक्सिकोत गेली, आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमध्ये सापडली. तिला आपल्या देशातून हाकलून लावले असे अमेरिकेला जाहीर करता आले ते २०१८ मध्ये, शंभर वर्षांनी. आणि त्यासाठी बीटी कपाशी, कामगंध, वंध्य केलेले पतंग सोडणे, मशागतीची सक्ती असे सगळे उपाय एकत्र वापरावे लागले. ऑस्ट्रेलियात ही अळी वायव्येकडच्या भागात आहे, परंतु सर जेथे निघाले होते त्या पूर्वेकडच्या कापूसपट्ट्यात ती नाही. “आबा, तुमचे बी शुद्ध आहे हे मला माहीत आहे, पण मी ते नेले तर आजवर तुम्हाला सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवरचा माझा हक्क जाईल,” असे ते म्हणाले. आबा काही वेळ विचार करत बसले. मग ते घरी गेले आणि पितळेचा एक घासलेला गडवा घेऊन आले. “याले तं किडा लागत नाई ना?” त्यांनी अगदी मनापासून विचारले. सरांनी तो गडवा घेतला.

त्याच बैठकीत सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्यामुळे आमची बैठक निरोपाची राहिलीच नाही. ऑस्ट्रेलियात बीटी कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्याला अळीच्या साध्या पिढीसाठी वेगळा आसरा राखणे बंधनकारक आहे, आणि त्या आसऱ्यासाठी तेथे बहुतेक तूर लावतात. आपली तूर! आमच्याकडे कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ आजोबा-पणजोबांपासून आहे, ती घरच्या वरणासाठी; तेथे ती हिरव्या बोंडअळीसाठी पेरतात. तेथील शत्रू हिरवी बोंडअळी असल्याने तूर चालते, आपल्या गुलाबी बोंडअळीसाठी चालणार नाही, हे सरांनी लगेच स्पष्ट केले. तरीही वऱ्हांड्यात गलका झाला. किती टक्के जमिनीवर, किती ओळी, फवारणी करू देतात का, तपासायला कोण येते, असे प्रश्न सगळीकडून येऊ लागले. कपाशीच्या क्षेत्राच्या अडीच टक्के एवढी तूर नव्या वाणांना पुरते, तिच्यावर अळीची औषधे मारता येत नाहीत, आणि हंगाम संपल्यावर जमीन उलथून कोष नष्ट करण्याचाही नियम आहे, एवढे सरांना वाचून ठाऊक होते. बाकीचे पाहून सांगतो म्हणाले.

जाण्यापूर्वी त्यांनी घरातील वस्तूंची वाटणी केली. पर्जन्यमापक शाळेला दिले, सापळे पोरांना, पुस्तके तालुक्याच्या ग्रंथालयाला. पतंगमोजणीच्या वह्या मला मिळाल्या. त्यांचे भिंग आपल्याला मिळावे असे मला वाटत होते आणि मी ते बोलून दाखवले, तेव्हा “ते मला तिथे लागेल, तू तुझे घे,” असे म्हणून त्यांनी ते खिशात ठेवले. मला ते फार आवडले. जो माणूस सत्तरीनंतर परक्या देशात जाताना भिंग बरोबर नेतो, तो तेथे केवळ नातवंडांना फिरवायला जात नाही, याची मला खात्री पटली. निघताना त्यांनी एकच अट घातली: फोनवर किडलेल्या बोंडाचा फोटो पाठवून ‘काय करू’ असे विचारायचे नाही, किती झाडे पाहिली, किती बोंडे फोडली, किती अळ्या जिवंत, सापळ्यात किती पतंग, हे आधी लिहायचे, मग फोटो. क्वीन्सलँडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी पुढे आहे, त्यामुळे आमची सकाळची सहाची मोजणी आटोपून सात वाजता निरोप गेला तर तेथे साडेअकरा झालेले असतील आणि ते रिकामे असतील, असाही हिशेब त्यांनी करून ठेवला होता.

वडकीवरून हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असा महामार्ग धरून आम्ही त्यांना नागपूरच्या विमानतळावर सोडायला गेलो. गाडीत काकू बोलत होत्या, सर खिडकीतून दोन्ही बाजूंची कपाशी पाहत होते, आणि मधूनच ‘हे शेत उशिरा पेरलेले आहे’, ‘येथे तुडतुडे वाढतील’ असे म्हणत होते. विमानतळावर मी त्यांच्या पाया पडले. त्या क्षणी मला जे बोलायचे होते ते बोलता आले नाही, म्हणून येथे लिहिते. सर, तुम्ही आम्हाला औषधाचे नाव सांगायला नकार दिलात, तुमच्याकडून मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट मी तीच मानते. गावात आता काही घरे अशी आहेत की ती तुम्हाला विचारल्याशिवाय शेतात शिरतात, मोजतात, लिहितात आणि स्वतः ठरवतात. तुम्ही गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या आळीतील एका शेतकऱ्याने डोमकळ्या दिसताच पंप काढला होता. तेव्हा वेचणीला जाणाऱ्या दोन बायांनीच त्याला थांबवले आणि आधी मोजायला लावले. आकडा पातळीच्या बराच खाली निघाला. त्याने डोमकळ्या तोडल्या, निंबोळी अर्क मारला आणि पंप परत ठेवला. हा सगळा तपशील आकड्यांसह तुम्हाला पाठवला आहे.

आता काही कामे तुमच्याकडेही आहेत. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास वेचणी चालू असेल तेव्हा डार्लिंग डाऊन्सवर कपाशीची पेरणी होत असेल, असे तुम्हीच सांगितले होते. तेव्हा बैठकीनंतर गावाने मिळून तुमच्यासाठी जे प्रश्न काढले ते येथे लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नकोत. तेथील कपाशी संकरित नसून सरळ वाणाची आहे, तर झाड किती उंच होते आणि किती दिवसांत मोकळे होते, हे काकाला हवे आहे. आसऱ्याची तूर कपाशीबरोबरच पेरतात की आधी, आणि दोन्हींची फुले एकाच वेळी यावीत याची काळजी कशी घेतात, हे मला हवे आहे. शेतात मोजणी करायला पगारी माणूस असतो की शेतकरी स्वतः मोजतो, हे वेचणाऱ्या बायांनी विचारले आहे, आणि माणूस असेल तर त्याला दिवसाचे किती मिळतात हेही. आबांचा प्रश्न शेवटचा आहे आणि त्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवायला लावला: “आसऱ्याची तूर तोडत नसतीन, तं त्या जमिनीचं नुकसान शेतकऱ्यानं एकट्यानंच सोसाव लागते का कोनी भरून देते?”